सिम्पसन फौजदारीत सुटला, दिवाणीत हरला: कसं काय?

छावणीकर: रविवारी इथे इंदूरला आमच्या मंडळात ओ. जे. सिम्पसन या अमेरिकी फुटबॉलपटूवरच्या खुनाच्या खटल्यावर चर्चा आहे. १९९५ ला निर्दोष, आणि १९९७ ला त्याच दोन खुनांबद्दल ३.३५ कोटी डॉलर भरपाई! हे कसं बसतं? लोकांत एवढी फूट का?

तुकोगंजवाले: पुराव्याचं माप वेगळं. फौजदारीत वाजवी संशयाला जागा उरता कामा नये, शिवाय बाराही ज्यूरींचं एकमत हवं. कॅलिफोर्नियात दिवाणीत पारडं थोडं झुकलं तरी पुरतं, बारांपैकी नऊ चालतात. तिथे सिम्पसनला साक्षही द्यावी लागली. आपल्याकडे राज्यघटनेचं कलम २०(२) दुसरी फौजदारी शिक्षा अडवतं, भरपाईचा दावा नाही.

रामबाग: फौजदारी खटल्यात सरकारी पक्षाने पुराव्यातला हातमोजा सिम्पसनला भर कोर्टात घालायला लावला, तोही आत रबरी मोजे असताना. रक्तात भिजून वाळलेलं चामडं आकसतं, बसणार कसं? त्याहून घातक म्हणजे तपास अधिकाऱ्याने सिम्पसनच्या रक्ताची कुपी लगेच जमा न करता सिम्पसनच्याच घरी नेली. बचाव पक्षाला ‘पुरावा पेरला’ म्हणायला एवढं पुरे होतं. डीएनए कितीही पक्का असो, नमुना कुणाकडून कुणाकडे गेला याची नोंद चोख हवी.

सुदामानगर: फुटीचं मूळ १९९२ मध्ये शोधा. रॉडनी किंग या कृष्णवर्णीयाला पोलिसांनी केलेली मारहाण चित्रित होऊनही लॉस एंजेलिसचे पोलीस सुटले होते. त्यामुळे अनेक कृष्णवर्णीयांना सिम्पसनच्या सुटकेचा निकाल पोलिसांविरुद्धचा वाटला. बऱ्याच गोऱ्यांना पैशाने विकत घेतलेली सुटका दिसली. चर्चेत निकोल ब्राउन आणि रोनाल्ड गोल्डमन ही खून झालेल्या दोघांची नावं मात्र आधी घ्या, ती नेहमी मागे पडतात.