चर्चा: स्पर्धा परीक्षेत नाव न आलेल्यांनी ‘साधा माणूस’ म्हणून समाधानी राहावे का?

निवांत (धागाकर्ता):
केंद्रीय लोकसेवा परीक्षेत हजाराच्या आसपास जागांसाठी दहा लाखांच्या घरात अर्ज येतात. म्हणजे कष्टांत कसूर न करताही बहुतेकांचे नाव यादीत येणार नाही, हे फॉर्म भरतानाच ठरलेले असते. तरीही सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारा आणि सकाळी अभ्यासिकेतल्या खुर्चीवर बसला की रात्रीच उठणारा मुलगा सणाला गावी गेला, की पारावरून ‘काय साहेब, निकाल कधी?’ अशीच हाक येते. आणि निकालाआधीच साहेब झालेल्या त्या मुलाला पुढे पतसंस्थेत कारकून होणे हा अपमान वाटू लागतो. राज्यसेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २०१६ साली ३३ वरून ३८ करण्यात आली. हेतू चांगला होता, पण अनेकांच्या बाबतीत त्यामुळे केवळ वाट पाहणे लांबले. माझे मत असे की, एका टप्प्यावर हे ओझे उतरवून ठेवावे आणि आपण चारचौघांसारखे आहोत हे मनापासून मान्य करावे. त्यातले समाधान दुय्यम प्रतीचे नसते.

रानवाट:
साधेपणाचा सल्ला देणाऱ्यांचे साधेपण बहुधा पगारी असते. ज्याच्या घरी तीन एकर कोरडवाहू जमीन आहे, त्याला ‘चारचौघांसारखे’ राहणे म्हणजे काय, हे चांगले ठाऊक असते. ते टाळण्यासाठीच तो पुण्यात आलेला असतो. वडील सातबाऱ्यावरची एक चूक दुरुस्त करून घ्यायला तहसील कार्यालयात खेटे घालतात आणि तिथे त्यांना कोणी बस म्हणत नाही, हे त्याने लहानपणी पाहिलेले असते. साहेब होण्याच्या हट्टात मिरवण्याची हौस थोडी असेलही, पण त्या न मिळालेल्या खुर्चीचा भाग फार मोठा आहे. मुलींचे तर विचारूच नका. माझ्या पाहण्यातल्या कित्येकींचे लग्न ‘परीक्षा चालू आहे’ एवढ्या एकाच कारणाने थांबलेले आहे. तयारी सोडून साधेपणा स्वीकार, असे तिला सांगणे म्हणजे येणाऱ्या पहिल्या स्थळाला होकार दे, असे सांगणे आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ‘पायरी ओळखून राहा’ असेच ऐकवले गेले, त्यांना तुमचा उपदेश नवा वाटणार नाही.

तिरकस:
यात क्लासवाल्यांचे नाव कसे कोणी घेत नाही? निवड झालेला एकच चेहरा तीन-तीन क्लासच्या फ्लेक्सवर झळकतो. साधेपणाला जाहिरातदार मिळत नाही, एवढीच त्याची अडचण.

निवांत:
पायरी दुसऱ्याने नेमून दिलेली असते. मी स्वतःचे मोजमाप स्वतः करण्याबद्दल बोलत आहे. केंद्रीय परीक्षेत मुख्य परीक्षेचे १७५० आणि मुलाखतीचे २७५ असे मिळून २०२५ गुण असतात, आणि अलीकडच्या काही वर्षांत खुल्या गटात अंतिम निवडीसाठी लागणारी किमान गुणमर्यादा साडेनऊशेच्या आसपास राहिली आहे. तिथे चार-पाच गुणांनी एक जण अधिकारी होतो आणि दुसरा रिकाम्या हाताने परततो. जो फरक मुलाखतीच्या अर्ध्या तासात इकडचा तिकडे होऊ शकतो, तो माणसामाणसांतला फरक कसा मानायचा? निवड झालेलाही साधाच असतो. त्याला तसे कोणी सांगत नाही, आणि राहिलेल्याला मात्र रोज ऐकवले जाते.

रानवाट:
हा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. दोघे सारखेच आहेत, पण पाच गुणांनंतर एकाला बंगला, गाडी आणि मान मिळतो, तर दुसऱ्याला ‘वाया गेला’ हे शेलके विशेषण. ही दरी तशीच ठेवून केवळ राहिलेल्यानेच मनाची समजूत घालावी, ही अपेक्षा मला अन्यायाची वाटते.

बांधावरून:
मी तयारी सोडून तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र चालवतो. पीकविम्याचा अर्ज, खताच्या पोत्यावरचे आकडे, बँकेची नोटीस असे काहीबाही घेऊन लोक येतात, स्टुलावर बसतात, चहा होतो. राज्यघटना आणि महसूल कायदा वाचल्याचा उपयोग मला इथे जेवढा होतो, तेवढा कोणत्याही प्रश्नपत्रिकेत झाला नव्हता. मला कोणी साहेब म्हणत नाही आणि त्याचे वाईटही वाटत नाही. निकालाच्या दिवशी मात्र जुन्या मित्रांच्या गटावर अभिनंदनाचे संदेश सुरू झाले, की मी तो गट म्यूट करतो. हे समाधान अर्धवट आहे असे कोणाला म्हणायचे असेल, तर म्हणू द्या; मला ते पुरते.

रानवाट:
तुमच्याबद्दल आदरच आहे. पण दुकानाचे भांडवल कोणी दिले, हेही सांगा.

बांधावरून:
थोरल्या भावाने. तो बारावीनंतर शेती पाहू लागला, म्हणून मला पुण्यात राहता आले. साधे राहायचे की नाही, हे त्याला कोणी विचारले नव्हते.