मदत हवी आहे: केसीईटी धरायची की एमएचटी-सीईटी? दोन्ही एप्रिलातच

खानापूर_पेठ
नमस्कार मंडळी. पोरगीच्या दोन्ही सीईटी, म्हणजे बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षा (आपली कर्नाटकाची केसीईटी आणि महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी), एप्रिलातच येतात आणि दुकानात येणारा प्रत्येकजण वेगळंच सांगूलालाय. एक म्हणतोय महाराष्ट्राची देऊन काय करणार, दुसरा म्हणतोय इथली सोडा. फॉर्मची मुदत संपत आलीय. कुठली धरायची, लवकर सांगा की वो.

टिळकवाडी_३
कितवीला आहे? पीसीएम (गणितवाला ग्रुप) की पीसीबी (बायोलॉजीवाला)? इंजिनिअरिंग का फार्मसी? आम्हाला ज्योतिष येत नाही हो.

निपाणीकर
डोळे झाकून केसीईटी. एका विषयाला ६० प्रश्न, ८० मिनिटं, निगेटिव्ह नाही, आणि इंजिनिअरिंगच्या रँकला पीयूसीचे, म्हणजे इथल्या बारावीचे, मार्क निम्म्या वजनाने धरतात. माझी पुतणी बोर्डाच्या जोरावर आत गेली, सीईटीत तर तिचं गणित बोंबललं होतं.

हलग्याची_वांगी
केसीईटीला कन्नडची वेगळी टेस्ट पण असते, मराठी मीडियमवाल्यांनी सांभाळून.

टिळकवाडी_३
ती टेस्ट होरनाडू आणि गडीनाडू कन्नडिगांना, म्हणजे कर्नाटकाबाहेर शिकलेल्यांना. खानापूरच्या पोरीला कशाला घाबरवता?

खानापूर_पेठ
सेकंड पीयूसी, पीसीएमबी. इंजिनिअरिंगच करायचंय. दहावीपर्यंत मराठी शाळा. कोल्हापूरला तिची मावशी राहते म्हणून तिकडं पण बघूलालोय. हे सगळं सांगायचं असतंय होय.

काळी_माती
पीसीएमबी आहे तर ॲग्री का नको? शेती नावावर असली तर केसीईटीत शेतकरी कोटा आहे, त्याला प्रॅक्टिकल द्यावं लागतंय, बी-बियाणं ओळखायचं असतंय. सातबारा, म्हणजे आपल्याकडचा उतारा, काढून ठेवा.

निपाणीकर
इंजिनिअरिंग म्हणालेत ते.

दोनदा_सीईटी_दिलेला
साहेब, दोन्ही फॉर्म भरा आणि झोपा. मी दोन्ही दिल्यात. केसीईटी सगळ्यांना एकाच वेळी, ओएमआर पेपर, म्हणजे कागदावर गोल रंगवायचे. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवर, बरेच दिवस चालते, तुमचा दिवस आणि शिफ्ट हॉल तिकिटावर येते, ते आपल्या हातात नाही. मार्चात पीयूसीची परीक्षा होऊ द्या, मग केसीईटीचा अभ्यास वेगळा असा फारसा राहतच नाही. खरी गोची एमएचटीची. पेपर महाराष्ट्र बोर्डाच्या पुस्तकांवर असतो, आणि आपल्या पीयूसीच्या पुस्तकात नसलेले धडे त्यात आहेत. गणितात ते सत्यता कोष्टकवालं लॉजिक आणि पेअर ऑफ स्ट्रेट लाईन्स, मी हॉलमध्ये पहिल्यांदा बघितल्यासारखं बघत बसलो होतो. बालभारतीची पुस्तकं नेटवर फुकट पीडीएफ आहेत, आजच उतरवून घ्या. अकरावीचा २० टक्के भाग पण येतो. आणि टायमिंग बघा: फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न ९० मिनिटांत, मग गणिताचे ५० प्रश्न पुढच्या ९० मिनिटांत, गणिताचा एक प्रश्न २ मार्कांचा. म्हणजे निम्मा पेपर गणितच.

निपाणीकर
म्हणूनच म्हणतोय केसीईटी. बोर्डाचे मार्क एमएचटीच्या पर्सेंटाइलमध्ये येत नाहीत, वर्षभराची मेहनत वाया.

दोनदा_सीईटी_दिलेला
वाया कशी? कोल्हापूर-सांगली-पुण्याला जायचा रस्ता तोच की.

टिळकवाडी_३
आणि सगळ्यात मोठी गोष्ट अजून कोण बोललंच नाही. सीमाभागात शिकलेल्या, मातृभाषा मराठी असलेल्या पोरांना महाराष्ट्राच्या ॲडमिशनमध्ये टाईप ई म्हणून धरतात. सीमाभागाचा एक दाखला, मातृभाषेचा एक, दोन्ही माहितीपुस्तिकेत छापलेल्या नमुन्यातच पाहिजेत. आमच्या भाच्याने साध्या लेटरहेडवर आणला आणि ऐन पडताळणीत धावपळ झाली.

हलग्याची_वांगी
महाराष्ट्राने सीमाभागातली ८६५ गावं आपली म्हणायची आणि दाखल्यासाठी पळवायचं. सत्तर वर्षं झाली की हो, १९५६ पासून हेच.

टिळकवाडी_३
काका, ते दुसऱ्या धाग्यावर.

खानापूर_पेठ
दोन्ही भरतोय. पोरगी म्हणते लॉजिक सोपं दिसतंय, लाईन्सचा धडा बघून मात्र तोंड वाकडं केलं. उद्या दुकान उघडायच्या आधी शाळेत जातो दाखल्याला. ॲग्रीवाल्या भाऊंनी उताऱ्याची आठवण केली ते बरं केलंत, वारसा अजून आजोबांच्याच नावावर पडलाय.

काळी_माती
मग आधी तलाठ्याकडं जा.

औराद_रोड
आमचा पोरगा बिदर जिल्ह्यातला, घरात मराठीच. टाईप ई त्याला पण लागू का? त्याने दहावी कन्नड मीडियमातनं केलीय.