ग्लुइनो २.३ टीईव्हीपर्यंत बाद म्हणतात, मग २ टीईव्हीचा बिंदू मेला असं धरायचं का?

नवा_फर्मिऑन

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी एमएसएसएममधले (सुपरसिमेट्रीचं सर्वांत साधं मॉडेल, ज्यात प्रत्येक ज्ञात कणाला एक जोडीदार असतो) दोन बिंदू, म्हणजे कणांच्या वस्तुमानांचे दोन संच, तपासायचे आहेत.

पहिला: ग्लुइनो (ग्लुऑनचा जोडीदार) २००० जीईव्ही (१००० जीईव्ही म्हणजे १ टीईव्ही), सगळ्यात हलका न्यूट्रॅलिनो (विद्युतभार नसलेला जोडीदार) ३०० (जवळपास शुद्ध बिनो, म्हणजे हायपरचार्ज बोसॉनचा जोडीदार), विनोसारखे (डब्ल्यूच्या जोडीदारासारखे) चार्जिनो (विद्युतभार असलेले) आणि दुसरा न्यूट्रॅलिनो ६५० च्या आसपास. उजवे स्क्वार्क (क्वार्कांचे जोडीदार) ४.५ टीईव्ही, डावे ६, स्टॉप (टॉप क्वार्कचे जोडीदार) ३.५. फाइलप्रमाणे ग्लुइनोचा ऱ्हास ४० टक्के वेळा दोन हलके क्वार्क आणि बिनो, ३५ टक्के विनोमार्गे आणि २५ टक्के टॉपची जोडी आणि बिनो असा होतो.

दुसरा: ग्लुइनो १७००, न्यूट्रॅलिनो १५००.

एलएचसीवरच्या ॲटलास आणि सीएमएस प्रयोगांच्या आलेखांत ग्लुइनोची मर्यादा २.२ ते २.३ टीईव्ही दिसते. त्या हिशेबाने दोन्ही बाद. पण आलेखावर बारीक अक्षरात "शंभर टक्के ब्रँचिंग" (म्हणजे सगळे ऱ्हास एकाच वाटेने) असंही लिहिलेलं आहे. मग वाचायचं कसं?

टॅनबीटा

२.३ हा आकडा म्हणजे रेषेचं टोक. आडव्या अक्षावर ग्लुइनोचं वस्तुमान आणि उभ्या अक्षावर न्यूट्रॅलिनोचं घेतलं, की बाद झालेला भाग नाकासारखा पुढे आलेला दिसतो. न्यूट्रॅलिनो जवळपास वस्तुमानहीन धरला तरच रेषा २.३ ला पोचते. न्यूट्रॅलिनो जड करत जा, रेषा मागे वळते आणि वस्तुमानांचा फरक संपतो त्या कर्णाला जाऊन भिडते. तुमचा दुसरा बिंदू त्या वळणाच्या वरच्या बाजूला आहे. १५०० जीईव्हीच्या न्यूट्रॅलिनोसाठी हलक्या क्वार्कांच्या आलेखात ग्लुइनोवर मर्यादाच नाही. तो बिंदू जिवंत आहे. बातम्यांत फक्त टोकाचा आकडा येतो म्हणून हा घोळ होतो.

आता पहिला. १३ टीईव्हीच्या टकरींत २ टीईव्हीच्या ग्लुइनो जोडीचा क्रॉस सेक्शन (निर्मितीचं प्रमाण) साधारण १ फेम्टोबार्न आहे. २०१५ ते २०१८ च्या दुसऱ्या रनचा विदा सुमारे १४० इन्व्हर्स फेम्टोबार्न, म्हणजे एकूण १४० जोड्या. ३ टीईव्हीला तोच क्रॉस सेक्शन दोनशेपट घसरतो आणि अख्ख्या रनमध्ये एक जोडीसुद्धा धड तयार होत नाही. त्यामुळे रेषा २.३ च्या आसपास अडते यात नवल नाही.

आलेख गृहीत धरतो की दोन्ही ग्लुइनो एकाच वाटेने जातात. तुमच्याकडे ती शक्यता ०.४ × ०.४, म्हणजे १६ टक्के. १४० पैकी २२ जोड्या. निवडीच्या अटींतून समजा १५ टक्के पार पडल्या, तर उरल्या ३.३ घटना. बॅकग्राउंड कितीही अपेक्षित असो, एकही घटना दिसली नाही तर सीएलएस या सांख्यिकी पद्धतीने ९५ टक्के पातळीवर मर्यादा ३ घटनांची येते, कारण ई चा उणे तिसरा घात ०.०५ आहे. प्रत्यक्षात थोड्या घटना दिसतातच आणि मर्यादा ४ ते ६ च्या घरात जाते. म्हणजे या एका वाटेवर बिंदू काठावर सुटतो.

पण म्हणून तो सुटला असं लिहू नका. उरलेल्या ८४ टक्के जोड्यांतही जेट (कणांचे झोत) आहेत, मिसिंग ईटी (न दिसलेल्या कणांनी नेलेली आडवी ऊर्जा) आहे. विनोमार्गे गेलेल्यांत डब्ल्यू, झेड किंवा हिग्ज मिळतात, टॉपवाल्यांत बी-जेट मिळतात. सगळ्यांची कार्यक्षमता १५ टक्के धरली तर २१ घटना होतात, आणि मग बिंदू स्वच्छ बाद. खरं उत्तर या दोन टोकांमध्ये कुठेतरी आहे आणि तुमच्या बाबतीत ते "बाद"च्या बाजूला झुकणार असं मला वाटतं.

करायचं असं. हेपडेटा या विदासंग्रहावरून नुसती रेषा उतरवू नका, प्रत्येक बिंदूवरची क्रॉस सेक्शनची वरची मर्यादा आणि कार्यक्षमतेचे तक्ते उतरवा. आधी स्मॉडेल्स या प्रोग्रामवर एसएलएचए फाइल (बिंदूची वस्तुमानं आणि ऱ्हास लिहिलेली) चालवा. तो बिंदूची फोड साध्या मॉडेलांत करतो आणि काही मिनिटांत उत्तर देतो, पण मिश्र वाटांचे तक्ते नसले की त्या घटना सोडून देतो. म्हणून त्याचं "बाद" बहुधा भरवशाचं, "जिवंत" मात्र कच्चं. तसं आलं तर मॅडग्राफ, पायथिया आणि डेल्फीज या सिम्युलेशन प्रोग्राममधून घटना तयार करून चेकमेट या मर्यादा तपासणाऱ्या प्रोग्रामला द्या.

तुटक रेषा अपेक्षित मर्यादा दाखवते आणि भरीव रेषा प्रत्यक्ष मिळालेली. भरीव रेषेभोवतीच्या ठिपक्यांच्या रेषा सिद्धांतातल्या क्रॉस सेक्शनच्या अनिश्चिततेच्या. बिंदू त्या ठिपक्यांच्या मध्ये पडत असेल तर "सीमेवर" असंच लिहावं.

मिसिंगईटी

टॅनबीटांचा हिशेब बरोबर आहे. चेकमेटपर्यंत पोचण्याआधी लोक कुठे अडकतात ते सांगतो.

पहिली गोष्ट, एसएलएचए फाइलमध्ये न्यूट्रॅलिनोचं वस्तुमान उणे असू शकतं. ते आयगेनव्हॅल्यूचं चिन्ह आहे, फाइल बिघडलेली नाही. मॅडग्राफला ते चालतं. पण स्वतःच्या स्क्रिप्टने वस्तुमानांचा फरक काढताना निरपेक्ष मूल्य घेतलं नाही, तर ६०० चा फरक १२०० होतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरी, ऱ्हासाच्या ब्लॉकमध्ये ग्लुइनोची रुंदी शून्य पडली तर पायथिया त्याला स्थिर धरतो. मग जेट गायब, घटना गायब, आणि बिंदू "जिवंत". कोड क्रमांक १००००२१ शोधून रुंदीचा आकडा डोळ्यांनी बघा. स्क्वार्क जड असताना तीन कणांत तुटणाऱ्या ग्लुइनोची रुंदी स्क्वार्कच्या वस्तुमानाच्या चौथ्या घाताने कमी होते. तुमच्या ४.५ टीईव्हीला काही अडचण नाही. पण स्क्वार्क काही हजार टीईव्हीवर ढकलले, तर ग्लुइनो खरोखरच मोजण्याइतकं अंतर चालतो. तिथे विस्थापित व्हर्टेक्स (टकरीपासून दूर तुटण्याची जागा) आणि आर-हॅड्रॉनचे (ग्लुइनो क्वार्क-ग्लुऑनांबरोबर बांधला जाऊन बनलेल्या कणांचे) शोध लागू होतात आणि साध्या डेल्फीजचा उपयोग नसतो.

तिसरी, क्रॉस सेक्शन मॅडग्राफचा घेऊ नका. तो सर्वांत खालच्या क्रमाचा असतो. आकार तिथून घ्या आणि एकूण संख्या एलएचसीच्या सुसी गटाच्या तक्त्यावरून लावा. त्या तक्त्यात मात्र स्क्वार्क अनंत जड धरलेले आहेत. स्क्वार्क जवळ आले की त्यांच्या देवाणघेवाणीची वाट ग्लुइनो निर्मितीत विरोधी व्यतिकरण करते आणि क्रॉस सेक्शन खाली येतो. ४.५ टीईव्हीला फार फरक पडू नये, तरी एनएलएल-फास्टसारख्या कोडमधून एकदा काढून बघा.

आता तुमचा १७००/१५०० वाला बिंदू. इथे फरक २०० जीईव्ही. ग्लुइनोकडून मिळणारे जेट मंद, आणि दोन न्यूट्रॅलिनो पाठीला पाठ लावून निघाले की मिसिंग ईटी एकमेकांना खाऊन टाकते. ट्रिगरनंतर विश्लेषणात साधारण २०० जीईव्हीच्या वर मिसिंग ईटी लागते. ती फक्त तेव्हाच मिळते, जेव्हा सुरुवातीच्या ग्लुऑनमधून एक जोरदार जेट सुटतो आणि बाकी सगळं उलट दिशेला ढकलतो. म्हणून अशा बिंदूंसाठी ग्लुइनो जोडीबरोबर एक आणि दोन जास्तीचे पार्टन (क्वार्क किंवा ग्लुऑन) घेऊनच घटना तयार करा. नुसत्या पायथियाच्या शॉवरवर विसंबलात तर कार्यक्षमता चुकते, आणि किती चुकली हेही कळत नाही. मॅचिंगची (मॅडग्राफ आणि पायथियाचे जेट जुळवण्याची) पातळी ग्लुइनोच्या वस्तुमानाच्या चौथ्या भागाएवढी, म्हणजे ४२५ च्या आसपास ठेवा. पातळी थोडी वर-खाली करून जेटच्या दरांचे वक्र सलग येतात का ते तपासा. ज्या ठिकाणी वक्राला पायरी दिसेल, तिथे मॅचिंग बिघडलेलं आहे.

जास्तीचा पार्टन घेताना एक सापळा आहे: ग्लुइनो, ग्लुइनो आणि जेट ही अवस्था स्क्वार्क आणि ग्लुइनोच्या जोडीतूनही मिळते. स्क्वार्क खरोखर तयार होऊन ग्लुइनो आणि जेटमध्ये तुटतो. ती जोडी वेगळी काढत असाल तर तेच दोनदा मोजलं जातं. मॅडग्राफमध्ये डॉलरचं चिन्ह लावून कवचावरचे (खरोखर तयार झालेले) स्क्वार्क वगळा.

नवा_फर्मिऑन

खूपच कामाचं. रुंदी तपासली, शून्य नाही. एक पुरवणी प्रश्न: स्टॉप आणि ग्लुइनो इतके जड ठेवायचे तर सुपरसिमेट्री ठेवायचीच कशाला? आणि हिग्जिनो (हिग्जचे जोडीदार) ११० जीईव्हीला अजून शिल्लक आहेत असं वाचलं, ते कसं?

अर्धा_स्पिन

दोन्ही प्रश्न एकाच समीकरणाशी येऊन थांबतात. टॅनबीटा (दोन हिग्ज क्षेत्रांच्या मूल्यांचं गुणोत्तर) मोठा असेल तर झेडच्या वस्तुमानाच्या वर्गाचं अर्धं हे जवळपास उणे म्यूवर्ग उणे वरच्या हिग्जच्या सॉफ्ट वस्तुमानाचा वर्ग एवढं असतं. डावीकडे ९१ जीईव्ही आहेत. उजवीकडे मोठे आकडे आले की ते एकमेकांशी नेमके कटावे लागतात. म्यू हेच हिग्जिनोंचं वस्तुमान, आणि ते पहिल्या पायरीलाच समीकरणात येतं. स्टॉप एका लूपनंतर (क्वांटम दुरुस्तीच्या एका पायरीनंतर) येतात, ग्लुइनो दोन लूपनंतर. म्हणून नैसर्गिकतेची (मोठे आकडे नेमके कटावे लागू नयेत याची) पहिली मागणी हलक्या हिग्जिनोची आहे. "एलएचसीने सुपरसिमेट्री मारली" असं लिहिणारे ग्लुइनोच्या आलेखावरून निकाल देतात, तर तिची सगळ्यात महत्त्वाची चाचणी हिग्जिनोवर आहे आणि ती अर्धीच झालेली आहे.

स्टॉप जड असावेत हे तर २०१२ मध्येच कळलं होतं. एमएसएसएममध्ये लूप सोडले तर हलका हिग्ज झेडपेक्षा जड असूच शकत नाही. ९१ वरून १२५ वर न्यायला स्टॉपचे लूप लागतात. त्यासाठी एक तर स्टॉप कित्येक टीईव्हीचे हवेत, नाही तर डाव्या-उजव्या स्टॉपचं मिश्रण कमाल हवं, म्हणजे मिश्रणाचं माप स्टॉपच्या सरासरी वस्तुमानाच्या सुमारे अडीचपट. तुमच्या फाइलमध्ये स्टॉप ३.५ वर आहेत, पण हिग्जचं वस्तुमान किती निघालं? १२२ ते १२८ च्या बाहेर असेल तर ग्लुइनोचा हिशेब करायच्या आधी बिंदू सोडून द्या. सिद्धांताची अनिश्चितता २-३ जीईव्ही आहे म्हणून एवढी सूट.

हिग्जिनोंची अडचण त्यांच्यातल्या फरकाची आहे. बिनो आणि विनो काही टीईव्हीवर असतील तर एक चार्जिनो आणि दोन न्यूट्रॅलिनो एकमेकांपासून जेमतेम काही जीईव्हीवर बसतात. चार्जिनो तुटताना जे बाहेर पडतं ते इतकं मंद की ट्रॅकही धड लागत नाही. एलएचसीआधीच्या एलईपी या कोलायडरने चार्जिनो १०३.५ जीईव्हीपर्यंत बाद केले, पण फरक फार कमी असताना ती मर्यादा ९२ च्या आसपास येते. एलएचसीवर मंद लेप्टॉनच्या जोडीचे शोध (म्यूऑन ३ जीईव्हीपर्यंत खाली) फरक ९ जीईव्ही असताना सुमारे १९० पर्यंत पोचले. शुद्ध हिग्जिनोत फरक ०.३ जीईव्हीच्या आसपास उतरतो, चार्जिनो सेंटिमीटरभर जगतो आणि अदृश्य होणाऱ्या ट्रॅकचा शोध लागू पडतो. त्याची मर्यादा सुमारे २१०. मधल्या ०.३ ते ०.९ च्या पट्ट्यात ॲटलासने किंचित विस्थापित मंद ट्रॅक शोधून १७० पर्यंत मजल मारली. तुम्ही वाचलेला ११० चा हिग्जिनो उरतो तो १ ते २ जीईव्हीच्या फटीत.

हे आलेख एकत्र ठेवताना अक्ष तपासा. मंद लेप्टॉनच्या मूळ आलेखात फरक दुसऱ्या आणि पहिल्या न्यूट्रॅलिनोमधला असतो, ट्रॅकच्या आलेखात चार्जिनो आणि पहिल्या न्यूट्रॅलिनोमधला. नेहमीच्या गृहीतकात दुसरा पहिल्याच्या अर्धा धरतात. तुमच्या स्पेक्ट्रममध्ये तो अर्धा असेलच असं नाही, म्हणून दोन्ही फरक फाइलमधून काढा.

११० जीईव्हीचा हिग्जिनो सगळं कृष्णद्रव्य असेल असं मात्र समजू नका. उष्ण विश्वातून उरणारं त्याचं प्रमाण वस्तुमानाच्या वर्गाने बदलतं आणि प्लँक उपग्रहाने मोजलेला ०.१२ हा आकडा १.१ टीईव्हीला मिळतो. ११० ला त्याचा शंभरावा भाग. बाकीचं ॲक्सिऑन वगैरेंवर सोडावं लागतं.

टॅनबीटा

हिग्जिनोबद्दल सहमत, फक्त "अर्धीच झालेली" हे जरा उदार वाटतं. ११० ला म्यू धरला तरी स्टॉप आणि ग्लुइनो वरून खेचतातच. ३.५ टीईव्हीच्या स्टॉपचा लूप वरच्या हिग्जच्या वस्तुमानवर्गात टीईव्हीच्या वर्गाइतका आकडा घालतो. तो झेडच्या ०.००४ टीईव्हीवर्गापर्यंत आणायला अर्धा टक्का किंवा त्याहून बारीक जुळणी लागते. चालेल की नाही ही चवीची बाब झाली.

नवा_फर्मिऑन, तुमच्या पहिल्या बिंदूत म्यू किती ठेवलाय ते लिहिलेलं नाही. ६५० पेक्षा कमी असेल तर ६५० चे कण विनो राहणार नाहीत, हिग्जिनो मध्ये घुसतील आणि ते ३५ टक्के ब्रँचिंग दोन-तीन वाटांत फुटेल. ते बघून मग स्मॉडेल्स चालवा.