‘डिसऑर्डर’ला अव्यवस्था म्हणावं का?

प्रश्न: अतिसंवाहकांवर, म्हणजे पुरेसं थंड केल्यावर विजेचा रोध पूर्ण नाहीसा होणाऱ्या पदार्थांवर, एक लेख मराठीत लिहितोय. ‘डिसऑर्डर’साठी अव्यवस्था, ‘स्कॅटरिंग’साठी विकिरण घेतलंय. ‘डर्टी सुपरकंडक्टर’ म्हणजे अशुद्ध अतिसंवाहक ना?

उत्तर: विकिरण टाळा, तो रेडिएशनच्या अर्थानेही सर्रास वाचनात येतो. प्रकीर्णन घ्या. अव्यवस्था म्हटलं की कारभार बिघडल्याचा सूर लागतो, आणि इथे तसं दरवेळी घडत नाही. मी विस्कळीतपणा लिहीन: कुठे अणू जागेवरून ढळलेला, कुठे परका अणू घुसलेला, कुठे कणसीमा, म्हणजे दोन स्फटिककण जिथे भिडतात ती हद्द.

१९५९ साली फिलिप अँडरसन यांनी दाखवलं, की साध्या अतिसंवाहकात अचुंबकीय परके अणू मिसळले तरी संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली अतिसंवाहकता येते ते, फारसं हलत नाही. अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात. प्रकीर्णनामुळे इलेक्ट्रॉनची दिशा बदलते, पण काळ उलटा फिरवल्यावर मिळणारी जोडीदार अवस्था शाबूत राहते, म्हणून जोडी जुळतेच. चुंबकीय अणू मात्र ही सममिती मोडतो. लँथॅनममध्ये शेकडा एकाच्या आसपास गॅडोलिनियम पडलं की अतिसंवाहकता संपते.

‘डर्टी’ला अशुद्ध म्हणणं मला पटत नाही. दोन टकरींमधलं इलेक्ट्रॉनचं सरासरी अंतर सुसंगती-लांबीपेक्षा (ढोबळमानाने जोडीच्या आकारापेक्षा) बरंच कमी असलं, की तो पदार्थ डर्टी. रासायनिकदृष्ट्या शुद्ध पातळ थरही निव्वळ कणसीमांमुळे त्यात मोडू शकतो. ‘मळका’ लिहा आणि पहिल्याच वापरात ही व्याख्या द्या.

प्रश्न: तापमान हलत नसेल, तर मग बदलतं काय?

उत्तर: पुष्कळ काही! सुसंगती-लांबी आखडते, चुंबकी क्षेत्र आत शिरण्याची खोली वाढते. शिसं पहिल्या प्रकारचं, म्हणजे अतिसंवाहक असेपर्यंत चुंबकी क्षेत्र आत येऊ न देणारं. त्यात पुरेसं इंडियम मिसळलं की ते दुसऱ्या प्रकारचं होतं, क्षेत्र भोवऱ्यांच्या रूपाने आत येतं. हे भोवरे सरकले की रोध उपजतो. एमआरआयच्या चुंबकातल्या निओबियम-टायटॅनियमच्या तारेत टायटॅनियमचे बारीक साके (वेगळे पडलेले कण) मुद्दाम तयार करतात, भोवरे तिथे अडकतात आणि तार जास्त प्रवाह पेलते. त्या तारेला अव्यवस्थित कसं म्हणायचं?

आणखी एक उत्तर: १९५९ च्या वाक्यातला ‘साध्या’ गाळू नका. ९२ केल्विनच्या यट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडमध्ये जोडीच्या तरंग-फलनाचं अधिक-उणे चिन्ह दिशेनुसार पालटतं. तिथे तांब्याच्या जागी अचुंबकीय जस्त थोडंसं आलं तरी तापमान झरझर उतरतं. आणि विस्कळीतपणा टोकाला गेला तर साधेही सुटत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत निओबियम नायट्राइडच्या पातळ थरांवर हेच अभ्यासलं गेलंय: खूप विस्कळीत थरांत संक्रमण तापमान घसरतं, आणि त्या तापमानाच्या वरही ऊर्जा-फटीची (जोडी मोडायला लागणाऱ्या किमान ऊर्जेची) खूण उरते.