आडभिंती दिसल्या की जहाज चिनी?

किनारेकर : पूर्व आशियातल्या जुन्या जहाजांबद्दल वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. आत आडभिंती, म्हणजे पोटाचे कप्पे पाडणाऱ्या भिंती, सापडल्या की जहाज चिनी, सपाट तळ आणि लाकडी खुंट्या दिसल्या की कोरियन! जहाजाला असा देश चिकटवूच नये. १९७५ मध्ये कोरियातल्या सिनानजवळ एका मच्छीमाराच्या जाळ्यात चिनी मातीची भांडी आली आणि १३२३ मध्ये बुडालेल्या जहाजाचा पत्ता लागला. ते निघालं चीनच्या निंगबोहून, चाललं होतं जपानच्या हाकाताला, बुडालं कोरियात. पोटात २८ टन नाणी. कोणाचं म्हणायचं?

पठाणवाला : माल, मार्ग आणि बांधणी यांची गल्लत करू नका. १९७४ मध्ये चीनमधल्या क्वानझोउच्या चिखलातून काढलेलं १३व्या शतकातलं जहाज बघा. १२ आडभिंती, १३ कप्पे, फळ्यांचे दोन-तीन थर, लोखंडी खिळे, सांध्यांत तुंग तेल (तुंग झाडाच्या बियांचं तेल) आणि चुन्याचा लेप. पठाणाच्या, म्हणजे तळाच्या कण्याच्या सांध्यात ७ नाणी सप्तर्षींसारखी मांडलेली आणि सोबत एक आरसा. किती जिव्हाळ्याने ठेवली असतील! उलट ११व्या शतकातलं कोरियाचं वांडो जहाज. एकही आडभिंत नाही, त्याऐवजी आडव्या तुळया. तळाच्या जाड फळ्या शेजारी शेजारी ठेवून लाकडी खुंट्यांनी जोडलेल्या. सुताराचा हात लपत नाही.

किनारेकर : लपत नाही, पण तोच हात शेजाऱ्याकडून शिकतोही. चीनमध्ये पेंगलाईला २००५ मध्ये सापडलेल्या एका जहाजाचा तळ कोरियन वळणाचा, पण आत आडभिंती आहेत. तुमचा शिक्का तिथे कसा मारणार?

दर्यासारंग : किनारेकर, शिक्का सोडला तर ताकाशिमाचं काय? १२८१ मध्ये मंगोल सम्राट कुब्लाई खानाचं आरमार जपानच्या त्या बेटापाशी बुडालं. जहाजं दोन दिशांनी आली होती, काही कोरियातून, काही दक्षिण चीनमधून. समुद्राच्या तळाशी बहुतेक लाकूड तुकड्या-तुकड्यांतच मिळतं. फळीत खिळ्याची भोकं आहेत की खुंटीची खाच, याचाच आधार. ते वाचायचं सोडलं तर ते लाकूड मुकंच राहील.

किनारेकर : हे पटलं. फळी कुठल्या हाताची, ते जरूर सांगा. अख्ख्या जहाजाला देश लावायला माझा विरोध कायम.

पठाणवाला : पेंगलाईचं ते जहाज मी तरी कोरियनच म्हणणार. आधी तळ जोडतात, आडभिंती त्यावर उभ्या राहतात.