विषय: नीरोचे सोन्याचे नाणे, सराफाकडे न्यावे काय?

प्रेषक: श्रीकांत

सप्रेम नमस्कार.

शेतात मला सापडलेल्या ज्या नाण्यावरून शनिवारच्या सभेत कार्यक्रमपत्रिकेचा विषय बाजूला पडला, ते अद्याप माझ्याकडेच आहे. शेतमालकांची लेखी परवानगी मेटल डिटेक्टर बाहेर काढण्यापूर्वीच घेतली होती, तेव्हा तो मुद्दा कृपया पुन्हा काढू नये. पुढच्या बाजूस रोमन सम्राट नीरोचे डोके, मागे बसलेला ज्युपिटर देव आणि वजन 7.12 ग्रॅम. मालकांना ते खरे असल्याचा कागद लवकर हवा आहे आणि आपल्या काउंटीच्या फाइंड्स लायझन ऑफिसरची (सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद घेणाऱ्या अधिकाऱ्याची) भेट पुढील महिन्यातली मिळाली आहे. तोवर एखाद्या विश्वासू सराफाकडून कस लावून घ्यावा, असे शरदकाकांनी सुचवले. लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर कोणाच्या ओळखीचे दुकान असल्यास कळवावे.

प्रेषक: मेधा

श्रीकांत, कृपया नेऊ नका. कसोटीवर ओढलेली रेघ म्हणजे नाण्याचेच घासले गेलेले सोने असते, आणि इतके नुकसान सोसून मिळणारे उत्तर आपल्या प्रश्नाचे नसते. नीरोच्या काळातील ऑरियस, म्हणजे रोमन सोन्याचे नाणे, जवळजवळ शुद्ध सोन्याचे असे. पण आजचा नकली नाणी करणाराही शुद्ध सोने वापरू शकतो, कारण खऱ्या नाण्याची किंमत सोन्याच्या किमतीच्या कितीतरी पट असते. सराफ सोने खरे की खोटे ते सांगेल, नाणे खरे की खोटे ते सांगणार नाही.

पाहायचे ते वेगळेच. इ.स. 64 च्या सुमारास नीरोने वजन उतरवून एका रोमन पौंडात 45 ऑरियस पाडायला सुरुवात केली, म्हणजे एक साधारण 7.3 ग्रॅमचा, झिजलेल्या नाण्याला 7.12 शोभते. नाणे ठोकून पाडले असेल तर अक्षरांच्या बुडाशी धातू बाहेरच्या दिशेने सरकल्याच्या बारीक रेषा भिंगातून दिसतात, ओतीव असेल तर अक्षरे बोथट दिसतात आणि कडेला सांधा किंवा बुडबुड्यांचे खळगे सापडतात.

प्रेषक: शरद

मेधाताई, तीन पिढ्यांची सराफी आमच्या घरात झाली आहे, त्यामुळे कसोटीविषयी एवढ्या ठामपणे बोलण्यापूर्वी विचारायला हवे होते. आता रेघ ओढण्याची गरजही नसते. क्ष-किरणांचे यंत्र नाण्याला ओरखडा न काढता टक्केवारी देते. शिवाय नाणे इजा करून पारखण्याची रीत जुनीच आहे. तमिळनाडूतील पुदुकोट्टै येथे 1898 साली सापडलेल्या पाचशेहून अधिक रोमन सुवर्णनाण्यांपैकी बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरच छिन्नीचा घाव आहे.

प्रेषक: मेधा

काका, रागावू नका. तो घाव पारखण्यासाठी नसून नाणे चलनातून बाद करण्यासाठी घातला असावा, असे मानले जाते. क्ष-किरणांचे यंत्र केवळ वरचा अत्यंत पातळ थर वाचते. आणि आपल्या घरच्या पुतळ्यांच्या माळेचेच पाहा: व्हेनिसच्या डुकाट या सोन्याच्या नाण्यावरून आपल्याकडे घडवलेल्या कितीतरी पुतळ्यांचे सोने अस्सल असते, नाणे मात्र नक्कल असते.

प्रेषक: अविनाश

मी केवळ क्ष-किरणांच्या मुद्द्याला उत्तर देतो. आतपर्यंतचे सोने तपासायचे तर काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि नाणे बारीक नायलॉनच्या दोऱ्याने, तळाला किंवा कडेला न टेकवता, पूर्ण बुडवून धरावे. काटा जितके ग्रॅम दाखवील त्याने 7.12 ला भागावे. शुद्ध सोन्याचे उत्तर 19.3 च्या जवळ यायला हवे, म्हणजे काट्यावर सुमारे 0.37 दिसले पाहिजे. मात्र स्वयंपाकघरातला काटा येथे निरुपयोगी आहे, 0.01 ग्रॅम इकडेतिकडे झाले तरी उत्तर सुमारे 0.5 ने बदलते, म्हणून एक हजारांश ग्रॅम दाखवणारा काटा हवा. नाण्याला चिकटलेला हवेचा बुडबुडाही घात करतो.

प्रेषक: चिटणीस

कोणतेही नाणे गणेशोत्सवात मांडायचे झाल्यास तो निर्णय सांस्कृतिक समितीचा असेल, याची नोंद घ्यावी. तसेच चौदा दिवसांत कॉरोनरला (सापडलेल्या गुप्तधनाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याला) कळवणे बंधनकारक आहे, ते केले काय?

प्रेषक: श्रीकांत

मांडण्याचा प्रश्नच नाही. 1996 च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे, म्हणजे येथील गुप्तधनाच्या कायद्याप्रमाणे, एकटे नाणे सहसा ट्रेझर ठरत नाही. एकाच साठ्यातील, तीनशे वर्षांहून जुनी, सोन्याची वा चांदीची किमान दोन नाणी निघाली तर ते बंधन येते. साठा नांगराने शेतभर विखुरलेला असू शकतो, म्हणून दुसरे नाणे निघताच मी कळवीनच. तरीही ऑफिसरलाच दाखवण्याचा आग्रह का, हे मेधाताईंनी सांगावे; मालक विचारत आहेत.

प्रेषक: मेधा

कारण नाणे कोठून निघाले, याची नोंद शास्त्रीय चाचणीइतकीच मोलाची असते. ज्युलियस सीझरच्या मारेकऱ्यांपैकी ब्रुटसचे सुवर्णनाणे 2020 साली लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांहून अधिक किमतीला गेले. नाणे खरे होते, पण पूर्वमालकीचा इतिहास बनावट निघाला आणि 2023 मध्ये ते ग्रीसला परत द्यावे लागले. उलट डोव्हरजवळच्या शेतात सापडलेला, ब्रिटनचा बंडखोर रोमन सम्राट अलेक्टसचा ऑरियस पाहा. ब्रिटिश म्युझियममधील नाण्याशी त्याचे ठसे जुळले आणि 2019 मध्ये तो 5,52,000 पौंडांना विकला गेला. ऑफिसर नाण्याची किंमत ठरवत नाही. पण सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमच्या नोंदीत छायाचित्र, वजन आणि शेतातील जागा येते. मालकांना त्या नोंदीचा क्रमांक द्या. सराफाच्या पावतीहून तो कधीही वजनदार.

आणखी एक, अक्षरांतली माती रिठ्याने किंवा लिंबाने काढू नका. मागच्या वर्षी एकांनी काढली होती, नाव घेत नाही.

प्रेषक: श्रीकांत

मान्य. दोन्ही बाजूंची आणि कडेची छायाचित्रे आज ऑफिसरना पाठवतो, कदाचित भेट अलीकडे येईल. दुकानाचा पत्ता नको. मात्र अविनाश म्हणतात तसा काटा कोणाकडे आहे काय?

प्रेषक: शरद

काटा माझ्याकडे आहे, गेल्याच महिन्यात प्रमाणित करून घेतला. रविवारी चारनंतर यावे, दोरा अविनाशने आणावा. नाण्याला मी हात लावणार नाही, मेधाताईंनी हवे तर समोर बसून पाहावे.