'हिस्टेरेसिस'ला मराठीत काय म्हणावं?

पाटीपेन्सिल: फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवरचा (व्होल्टेज काढल्यावरही विजेचा परिणाम धरून ठेवणाऱ्या) एक लेख मराठीत करतेय. बेरियम टायटनेटच्या चकतीला एसी व्होल्टेज दिलं की तिचं ध्रुवण (आतल्या धन-ऋण भारांचं विरुद्ध बाजूंना सरकणं) व्होल्टेजच्या मागे रेंगाळतं, हेच हिस्टेरेसिस, आणि आलेखात सरळ रेषेऐवजी फुगीर वेटोळं उमटतं. मी 'शैथिल्य-वलय' लिहिलं. संपादकबाईंचा शेरा : 'पदार्थाला थकवा आलाय का?' दुसरा शब्द सुचवा.

जुना_वायरमन: थकवा वेगळा हो. कोट्यवधी वेळा उलटसुलट केल्यावर ध्रुवण घटत जातं, तो फटीग. तो शब्द तिथेच राखून ठेवा. आमच्या ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या शेडमध्ये सातवी पास हेल्परही 'हिस्टेरिसिस लॉस' म्हणायचा. कुणाचं अडलं नाही.

अनुस्वार: तुमचं नसेल अडलं, वाचणाऱ्याचं अडतं. ग्रीक 'हुस्तेरोस' म्हणजे नंतरचा. आपल्या 'उत्तर'चा चुलतभाऊच तो, उत्तररात्रीतला उत्तर. भौतिकशास्त्रज्ञ ईविंगने 1881च्या सुमारास लोखंडाच्या चुंबकत्वावर काम करताना त्याच कुळातून शब्द पाडला. मग आपण 'उत्तरगामित्व' का पाडू नये?

जुना_वायरमन: दिल्लीची गाडी वाटते.

खडीसाखर: मला हिस्टेरियाच आठवतो 🙈

अनुस्वार: त्याचा संबंध गर्भाशयाशी लावतात. इथे आणू नका.

लंबक: सगळे 'मागे पडणं' धरून बसलात, घोळ तिथेच आहे. मागे तर गळका कपॅसिटरही पडतो. 2008 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ जे. एफ. स्कॉट यांनी केळ्याच्या सालीला तारा जोडून अस्संच वेटोळं काढून दाखवलं. केळं काही फेरोइलेक्ट्रिक नव्हे! खरी खूण वेगळी : व्होल्टेज शून्यावर आणलं तरी ध्रुवण उरतं. ते पालथं करायला उलट्या बाजूने ठरावीक जोर लावावा लागतो. सावकाश फिरवा, वेटोळं राहतंच; फ्रिक्वेन्सी वाढवली तर सहसा आणखी रुंदावतं. आणि त्याच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे दर फेरीला उष्णतेत गेलेली ऊर्जा.

मिरगाचा_किडा: अहो, मग हा 'पीळ' झाला! सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

लंबक: वा! फक्त म्हण उलटी पडते. बेरियम टायटनेट 120 अंश सेल्सिअसच्या आसपास तापवलं की पीळ जातो, सुंभ शाबूत.

खडीसाखर: पीळ म्हणजे हेकटपणा ना? पदार्थाची बदनामी कशाला?

मिरगाचा_किडा: बदनामी कसली, गॅसचा लायटर त्यावरच चालतो. आतल्या सिरॅमिकमध्ये कारखान्यात भरलेला पीळ टिकून असतो म्हणून तर टक् केलं की ठिणगी.

पाटीपेन्सिल: 'पीळ-वलय' बाई छापतील असं वाटत नाही. बरं, फेरोइलेक्ट्रिकला 'लोहविद्युत' चालेल?

लंबक: त्यात बेरियम, टायटॅनियम, ऑक्सिजन. लोखंड औषधालाही नाही. 1920 मध्ये भौतिकशास्त्रज्ञ व्हालासेकने रोशेल मिठात (सोडियम-पोटॅशियमचा एक क्षार) हा गुण पाहिला, त्यातही नाही. नाव नुसतं लोहचुंबकाशी असलेल्या साम्यावरून.

अनुस्वार: म्हणून काय झालं? तेल तिळाचं. शेंगदाण्याच्या तेलात तीळ शोधता का? रूढ झालं की चालतं.

जुना_वायरमन: मघाशी माझ्या हेल्परची रूढी चालत नव्हती ती?

अनुस्वार: मराठी रूढीबद्दल बोलतोय मी.

खडीसाखर: थांबा, सुंभ म्हणजे नक्की काय? मी आजवर लाकूड समजत होते.

मिरगाचा_किडा: काथ्याची दोरी! आमच्याकडे रत्नागिरीला विहिरीवर असायची.

जुना_वायरमन: आमच्याकडे सोलापुरात नारळ कुठले? अंबाडीची असायची, तिलाही सुंभच म्हणायचे.

मिरगाचा_किडा: तो सुतळा असेल.

जुना_वायरमन: सुतळा वेगळा. त्याला पीळ कमी.

पाटीपेन्सिल: लेख उद्या द्यायचाय मला.

अनुस्वार: सुंभाची व्युत्पत्ती आहे कुणाकडे?